पेपर पालकांनी आणायचा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील लूमवर कामाला. युनियनचं जे काही छापून येई ते त्यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी येई, बहुतेक वेळा भाकरीभोवती गुंडाळलेलं. त्या तेलकट कागदांवर मी वाचायला शिकले, आणि जगाची वाटणीही तिथेच शिकले: वरचे आणि खालचे. पी.टी.सी. हा शिक्षकाचा कोर्स करून सुरतेच्या उधना भागातल्या एका मराठी शाळेत मी हंगामी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा ही वाटणी माझ्या डोक्यात पक्की होती. मुख्याध्यापक म्हणजे वरच्यांचा माणूस. त्याच्याशी फक्त भांडायचं असतं.

मग त्या जागेवर मालती दिघे आल्या.

पहिल्यांदा दिसले ते त्यांचे बूट. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, लेस घट्ट बांधलेली. आमच्या गल्लीत बाराही महिने कुठून तरी पाणी वाहत असे, आणि बाकीच्या शिक्षिका साडी वर धरून विटांवरून उड्या मारत येत. दिघेबाई मोपेड कोपऱ्यावर लावून सरळ पाण्यातून चालत आल्या. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांना म्हणाल्या, "खोल नाहीये. मी बघून आले."

बाई बडोद्याच्या. कित्येक पिढ्या तिथेच गेलेलं मराठी घर. मराठी स्वच्छ, पण वाक्याच्या शेवटी एक गुजराती 'ने' चिकटलेला. "हे बरोबर आहे ने?" "उद्या करू ने?" नवरा बँकेत, त्याची बदली सुरतेला झाली म्हणून त्या आल्या. मंडळाने त्यांना एक वर्षासाठी नेमलं होतं. वर्ष बघू, मग कायम करू, असं अध्यक्ष पवारशेठ सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्यामुळे आल्या दिवसापासून बाईंची नोकरी टांगणीला होती, आणि हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

आता शाळेविषयी सांगते. सातवीपर्यंतची शाळा. मुलं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची, घरात अहिराणी बोलणारी. समोरच पत्र्याच्या शेडमध्ये लूम चालत. त्यांच्या खटखटीवरून शिकवायचं म्हणून आम्हा सगळ्यांचे आवाज चढलेले. आठवड्यातून एकदा आमच्या भागातल्या लूमना सुट्टी असे. त्या दिवशी गल्लीत एकदम शांतता पसरे, आणि आम्ही मात्र सवयीने ओरडतच राहत असू.

शाळेचा निकाल कायम उत्तम. जो तो फर्स्ट क्लासमध्ये. आणि हीच मुलं आठवीला हायस्कुलात गेली की नापास होत आणि दिवाळीनंतर समोरच्या शेडमध्ये दिसू लागत. स्टाफरूममध्ये याचं कारण ठरलेलं होतं: हायस्कूलवाले शिकवत नाहीत. खरी गोष्ट अशी, की आमच्याकडे ज्याचा वर्ग त्याचाच पेपर असे, आणि परीक्षेच्या आधी 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून तोच पेपर फळ्यावर लिहून दिला जाई. याला कुणी फसवणूक मानत नसे. बाप बारा तासांची पाळी करतो, आई घरात साड्यांना टिकल्या लावते, मुलाचा अभ्यास घेणार कोण? दयाच होती ती. त्या दयेच्या खाली भीतीही होती. निकाल पडला तर पालक मुलांना पलीकडच्या गुजराती शाळेत घालणार, पट कमी होणार, तुकडी तुटणार आणि एखादा शिक्षक 'फाजल' ठरणार. फाजल म्हणजे जास्तीचा. जास्तीच्याला कुठेही टाकतात.

पहिल्या सभेला दिघेबाई स्वतः गरम लोचो, सुरतेचा तो डाळीचा नाश्ता, घेऊन आल्या. सगळ्यांचं खाणं होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोला. शाळा कशी आहे?"

बोरसे सर आमच्यात सगळ्यात जुने. अमळनेरकडचे. उंच, मिशीवाले, गोष्ट सांगायला लागले की शेजारचा वर्गही गप्प होई. स्टाफचा शब्द म्हणजे त्यांचा शब्द. ते म्हणाले, "शाळा उत्तम आहे, बाई. मुलं हुशार आहेत."

"कशावरून?"

"निकालावरून."

"निकाल कोणी लावला?"

"आम्हीच."

"पेपर कोणी काढला?"

"आम्हीच."

"म्हणजे तुम्ही हुशार आहात, एवढं कळलं. मुलांचं कशावरून?"

कुणीतरी हसलं. बोरसे सर हसले नाहीत. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून शाळेत दोन पक्ष झाले. एका पक्षात सगळे होते, दुसऱ्यात दिघेबाई.

'कशावरून' हा त्या बाईंचा श्वास होता. शिपाई म्हणाला, बेन, आज पाऊस येणार, तरी कशावरून. मी म्हणाले, वर्ग शांत आहे, तरी कशावरून. सुरुवातीला टोचायचं. मग कळलं की त्या खरंच विचारताहेत आणि उत्तराची वाट बघताहेत. शिपायाने मुंग्यांच्या रांगेविषयी सांगितलं तेव्हा त्या वाकून ती रांग बघत बसल्या होत्या. मी इतकी पत्रकं वाचली होती, पण असा प्रश्न वरच्याने खालच्याला विचारलेला कुठेही वाचला नव्हता.

त्यांनी पहिला बदल केला तो अदलाबदलीचा. सहामाहीची तोंडी परीक्षा आपल्या वर्गाची आपण घ्यायची नाही, दुसऱ्याने घ्यायची. स्टाफरूम पेटली. खैरनारबाई तर रडल्याच. सातवीच्या वर्गशिक्षिका, नवरा घरी आजारी, फाजल या शब्दाने ज्यांची झोप उडे अशा. "वर्ग म्हणजे घर असतं, बाई. परक्याने येऊन आमचं स्वयंपाकघर तपासायचं?"

"परका कशावरून? बोरसे सर तर तुमचा डबा खातात."

शेवटी सगळ्यांनी होकार दिला, आणि आपसात गुपचूप प्रश्न वाटून घेतले. माझा पेपर तुला, तुझा मला. अदलाबदल झाली, गुण उत्कृष्ट पडले. दिघेबाईंनी निकाल पाहिला, सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, "मी जरा सातवीत बसून येते."

मी त्या वेळी तिथेच फळा पुसत होते. बाई शेवटच्या बाकावर बसल्या. ती त्यांची नेहमीची जागा, गुडघे हनुवटीला टेकत. मग उठून त्यांनी प्रश्नांचा कागद घेतला आणि खालून वर विचारायला सुरुवात केली.

"भारती, रक्ताला लाल रंग कशामुळे येतो?"

भारती वर्गातली पहिली. ताडकन उभी राहिली. "अरबी समुद्र."

"बस. संजय, वनस्पती श्वास कशातून घेतात?"

"पंचायत समिती, बेन."

खैरनारबाईंनी उत्तरं क्रमाने पाठ करून घेतली होती, आणि मुलं क्रमाला इमानदार होती.  मग दिघेबाईंना हसू फुटलं. असं हसू की त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मुलंही बाकं बडवत हसायला लागली. दारात खैरनारबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून बाई गप्प झाल्या. जवळ जाऊन हळू म्हणाल्या, "मी तुम्हाला हसले नाही. आपल्या सगळ्यांना हसले."

पण ते कोण ऐकतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या दंडावर काळ्या फिती. बोरसे सरांनी मला बोलावलं. "पोरी, तू पत्रकांच्या घरातली. लिही." मी लिहिलं. काय लिहिलं होतं मी! बारशापासून वाट बघत असल्यासारखं. हुकूमशाही, अपमान, शिक्षकांचा स्वाभिमान. आणि तिसरा मुद्दा बोरसे सरांनी स्वतः सांगितला: ही परीक्षा खानदेशी मुलांवर अन्याय करते. सायक्लोस्टाइल करून आम्ही ते पत्रक बाईंच्या टेबलावर ठेवलं.

तो पोंकाचा, म्हणजे सुरती हुरड्याचा, मोसम होता. बाईंनी सभा बोलावली, पोंक आणि शेव मधोमध ठेवली आणि आमचंच पत्रक आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे चढ-उतार घेऊन. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "हे वाक्य छान आहे. कोणाचं?" मी मान खाली घातली. पुढे वाचून त्यांनी कागद खाली ठेवला.

"पहिला मुद्दा, मी हुकूमशहा. असेन. दुसरा, मी हसले. हसले, आणि माफी मागते. तिसरा, मुलांवर अन्याय होतो. सर, हा मुद्दा मोठा आहे. कशावरून? खरं निघालं तर ही परीक्षा मी आजच बंद करते."

बोरसे सर उभे राहिले. "चला तिसरीत. तुम्ही शिकवा, तुम्हीच परीक्षा घ्या. गुण आम्ही देतो."

"चला," बाई म्हणाल्या, आणि बुटाची लेस बांधायला वाकल्या.

अख्खा स्टाफ तिसरीत भिंतीला टेकून उभा राहिला. बाईंनी 'आपला परिसर' शिकवला. सुंदर शिकवला, खोटं का बोलू. चित्रं, खडू, गाणं. मग विचारलं, "आता तुम्ही सांगा हं. तुमच्या घराच्या आसपास काय काय आढळतं?"

कुणी बोलेना. एक मुलगा म्हणाला, "घर." दुसरी म्हणाली, "परिसर." बाईंनी प्रश्न फिरवून फिरवून विचारला. कपाळावर घाम आला. समोरची खटखट तेवढी ऐकू येत राहिली.

बोरसे सर पुढे आले, टेबलावर बसले आणि म्हणाले, "काय रे पोरंहो, तुमना गल्लीमा काय काय शे? माले सांगा बरं."

धरण फुटल्यासारखा वर्ग बोलायला लागला. मनी माय साडीसले टिकल्या लावस. मना बाप रातपाळीले जास, दिनभर झोपस. एकीने खाडीच्या पाण्याचा रंग रोज कसा बदलतो ते सांगितलं, काल हिरवा, परवा जांभळा, आणि तो डाईंगवाल्यांमुळे बदलतो हेही सांगितलं. एकाने लूमचा धोटा कसा जातो-येतो ते हाताने करून दाखवलं. परिसर म्हणजे काय हे त्या वर्गाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दिघेबाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. तोंड उघडं.

"किती गुण, सर?" त्यांनी विचारलं.

बोरसे सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नापास, बाई."

त्या उठल्या, फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं: मालती दिघे, अहिराणी, नापास. "हे पुसू नका. सर, मला शिकवाल?"

मी दंडावरची फीत काढली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बघितलं तर आणखी एक-दोघं गाठ सोडत होती.

त्यानंतरचे आठवडे मला तापासारखे आठवतात. आनंदाचा ताप. मधल्या सुट्टीत बोरसे सर बाईंना अहिराणी शिकवत आणि बाई चुकल्या की स्टाफरूम हसे. "'मी जास' बरोबर शे, बाई, पण तुम्ही 'ज' असा म्हणता जसा बडोद्याचा राजवाडा." पहिली-दुसरीची तोंडी परीक्षा मूल बोलेल त्या भाषेत घ्यायची ठरली. परीक्षक आळीपाळीने बदलत. पण प्रश्न फुटणं बंद होईना, कारण भीती जागच्या जागी होती. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "प्लेगनंतर हे अख्खं शहर झाडून निघालं ने? ज्यांना कुणी हलवू शकलं नव्हतं ते उकिरडे हलले. मग आपली सातवी का नाही हलत?"

बोरसे सर चहा पीत होते. म्हणाले, "पेपर आपण काढतो तोवर फुटणारच. आपण काढूच नये."

"मग कोण काढेल?"

"आईबाप."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "कसं?" त्यांनी विचारलं. या वेळी 'कशावरून' नाही.

असं ठरलं की लूमच्या सुट्टीला पालकांनी शाळेत यायचं आणि येताना घरातला कुठलाही छापील मराठी कागद आणायचा. औषधाच्या बाटलीबरोबरचा, लग्नाची पत्रिका, गावाकडून आलेला जुना पेपर, युनियनचं पत्रक. जो कागद येईल तो मुलाने वाचायचा आणि त्यात काय लिहिलंय ते बापाला सांगायचं. फुटेल कसा? शिक्षकालाच माहीत नाही.

पवारशेठना कळलं तसे ते गाडी घेऊन आले. पलसाण्याकडे त्यांचं डाईंग होतं. "बेन, डाईंगमध्ये लॉट बगडला तर आम्ही रस्त्यावर मांडतो का? गुपचूप पुन्हा रंगवतो."

"आपणही पुन्हा रंगवू, शेठ. फक्त गुपचूप नाही."

"पट तुटला तर?"

"तुटेल कदाचित."

"तुमचं कायम होणं माझ्या हातात आहे, लक्षात आहे ने?"

"आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही या त्या दिवशी. येताना कागद आणा."

तो दिवस उजाडला तेव्हा समोरची शेड बंद होती. पालक आले, अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, जसे लग्नाला जातात. मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. मुलं वाचत होती आणि गल्लीत खटखट नसल्यामुळे प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. दुसरीतल्या एका पोराने मावशीच्या लग्नाची पत्रिका वाचली, आणि नवरदेवाचं नाव आलं तेव्हा त्याची आई लाजली. काही मुलं अडखळली, काही सरळ गप्प झाली, तरी कुणी त्यांना रागावलं नाही.

मग सातवीत भारतीची पाळी. वर्गात पहिली येणारी भारती. तिच्या बापाने कारखान्याच्या दारावर लागलेली मराठी सूचना काढून आणली होती. मशीन चालू असताना हात कुठे घालायचा नाही, याची. भारती पहिल्या ओळीवर थांबली. ओठ हलत होते. आवाज येईना. त्या सूचनेत पाठ केलेलं काहीच नव्हतं.

बाप उठून जवळ आला, कागद हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "मंग सात वरीस तू काय शिकनी व माय?"

मागे दारात पवारशेठ उभे होते. दिघेबाई भिंतीशी. त्या एक पाऊल पुढे आल्या, पण त्यांच्याआधी खैरनारबाई उठल्या. पदर घट्ट धरलेला.

"तिला बोलू नका, भाऊ. तिला मी वाचायला शिकवलं नाही. उत्तरं शिकवली." मग म्हणाल्या, "दोन महिने द्या मला. हाच कागद ती वाचेल."

बापाने कागद घडी करून खैरनारबाईंच्या हातात दिला. नमस्कार केला आणि बसला.

मी पुष्कळ सभा पाहिल्यात. मुठी वळलेल्या, घोषणांनी पत्रे हलवणाऱ्या. त्या वर्गात एकही घोषणा झाली नाही, आणि इतकं धाडस मी एकाही सभेत पाहिलं नाही.

वर्षअखेरीस मंडळाची बैठक शाळेतच झाली. शेठ म्हणाले, "रिझल्ट बगडला, गल्लीत चर्चा झाली. स्टाफलासुद्धा या बेन नकोत."

"कशावरून, शेठ?"

आवाज बोरसे सरांचा होता. स्टाफची रांग हलली. शेठनी खिशातून आमचंच ते पत्रक काढून टेबलावर ठेवलं.

"आमचंच आहे," सर म्हणाले. "पोरीने झकास लिहिलंय. त्यातला तिसरा मुद्दा बाईंनी वर्गात उभं राहून मान्य केला, स्वतःच्या नावापुढे नापास लिहून. आजवर मी किती अर्जांवर सह्या केल्या, शेठ. आमचा एक मुद्दा वरच्या खुर्चीने मान्य केला असं पहिल्यांदाच झालं. ही बाई गेली तर पुढचं पत्रक तुमच्या नावाने निघेल."

खैरनारबाई म्हणाल्या, "मला फाजल करायचं तर करा. महत्त्वाचे प्रश्न मी आता देणार नाही. आणि भारतीला बोलवा. सूचना वाचेल ती."

भारतीला बोलावलं. तिने वाचली. सावकाश, एका ठिकाणी अडखळून, पण सगळी. शेवटी शेठना म्हणाली, "म्हणजे धोटा अडकला तर आधी मशीन बंद करायची, मग हात घालायचा." शेठनी पत्रक परत खिशात घातलं. बाई कायम झाल्या.

शेठची भीती मात्र खोटी नव्हती. जूनमध्ये काही पालक गुजराती शाळेकडे गेलेच, एक तुकडी तुटली, आणि हंगामी मी होते. दिघेबाई स्वतः आमच्या घरी सांगायला आल्या. "तुझी जागा मला वाचवता आली नाही," म्हणाल्या. सबब एकही नाही. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि आतून पत्रकांचा गठ्ठा आणून दाखवला. त्या मांडी घालून कितीतरी वेळ वाचत बसल्या. मला सुरतेबाहेर सचिन गावात दुसऱ्या शाळेत काम मिळालं. राग येईल म्हणून मी वाट बघत होते. आला नाही.

काही वर्षांनी त्यांच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेले. निरोपसमारंभ असेल, हार-नारळ असेल, असं वाटलं होतं. ऑफिस रिकामं होतं. शिपाई म्हणाला, "बेन तिसरीत आहेत. परीक्षा चालू आहे."

फळ्याच्या कोपऱ्यात ते नाव अजून होतं, पुन्हा पुन्हा गिरवून ठळक झालेलं. फळ्यापुढे दिघेबाई उभ्या होत्या, तेच बूट, केस आता पांढरे. वर्गाला अहिराणीत गोष्ट सांगत होत्या, हातवारे करून, कोल्हा आणि विहिरीची. टेबलावर परीक्षक म्हणून बोरसे सर. मागच्या बाकावर खैरनारबाई, गुडघे हनुवटीला टेकलेले.

गोष्ट संपली. बाईंनी सरांकडे बघितलं.

"अजून कच्चं शे," बोरसे सर म्हणाले.

"कशावरून?"

सरांनी वर्गाकडे बोट केलं. आणि सगळी तिसरी एकदम उभी राहून, एकमेकांना ढकलत, दिघेबाईंना त्यांच्या चुका सांगायला लागली.